चौदावा सेक्शन

सन एकोणीसशे एकोणऐंशी. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, आणि त्या मे महिन्यात मुलीच्या शाळेत, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत, माझ्याबद्दल एक खोटं बोललं गेलं. ते मी बोललो नाही. मुलगी बोलली, आणि तीही ते खरं समजून बोलली. मी फक्त ते खोडलं नाही. आता खोडतो.

हे आताच का आठवलं, तेही सांगतो. मुलगी हल्ली गुरुग्रामला राहते. रविवारी मी मेट्रोने तिच्याकडे जेवायला जातो. तिच्या सोसायटीत लिफ्टपाशी, बागेत, जिथे म्हणून चार आईबाप जमतील तिथे एकच विषय: सहावी-सातवीत मूल कुठल्या बॅचला पडलं, आणि त्यावरून पुढे नववीत त्याला ऑनर्सचं गणित झेपेल की नाही. मोठमोठे पगारदार लोक, पण चेहरे असे की घरात कोणाचं ऑपरेशन असावं. मी बाकावर बसून ऐकतो. मला कोणी विचारत नाही. पायातल्या चपला बघून लोक धरून चालतात की आजोबांना यातलं काय कळणार. तर या विषयातला माझा अनुभव त्या अख्ख्या टॉवरपेक्षा जुना आहे. विचारलं नाही म्हणून लिहितो.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे चपराशाच्या एक पायरी वर आणि क्लार्कच्या बऱ्याच पायऱ्या खाली. फायली शिवायच्या, रजिस्टरं बांधायची, फाटलेले कागद डकवायचे. खळ शिजवायची तर त्यात मोरचूद किती घालायचा, म्हणजे किडा लागत नाही, हे आमच्या मजल्यावर मी सांगेन तेच. जॉइंट सेक्रेटरीसुद्धा आपलं घरचं पुस्तक माझ्याकडे पाठवत. शिक्षण विचाराल तर तिसरी. तीही पुरी नाही. पण मला शाळेने काढलं नाही. मी निघालो. दोन्हींत फरक आहे आणि तो मी आजवर कोणालाही विसरू दिलेला नाही.

झालं असं की गावच्या मास्तरांनी मला दाराशी बसवलं होतं. उभं केलं की म्हणत, "हा ढ." वर्ग हसायचा. एके दिवशी मी म्हटलं, "ढ तर ढ," पाटी उचलली, विहिरीत टाकली आणि घरी आलो. वडिलांनी मारलं ते पाटीसाठी. पुढे मामाबरोबर दिल्लीला आलो. अक्षरं सुटली नाहीत; रोज हातातून कागद जायचे, तेच वाचत गेलो. मराठी नीट, हिंदी कामापुरतं, इंग्रजी नुसतं फायलीचं नाव ओळखण्यापुरतं.

आता मुलीचं. पाचवीपर्यंत ती पहाडगंजातल्या मराठी शाळेत होती. तिथे गणित मराठीत आणि मधल्या सुट्टीतली भांडणं हिंदीत. मग मला मुनिरक्याच्या पुढे सरकारी क्वार्टर मिळालं, पहाडगंज लांब पडलं, आणि सहावीला तिला जवळच्या हिंदी शाळेत घातलं. प्रवेशाच्या दिवशी मुलांची एक छोटी परीक्षा होती. मुलगी बाहेर आली ती उड्या मारत.

"बाबा, एकदम सोपं होतं! अर्धा पेपर तर जोड्या लावायचा होता."

गणितात जोड्या? मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पेपरात, हे पुढे कळलं, लिहिलं होतं, "निम्नलिखित भिन्नों को जोड़िए." हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक, आणि जोडणं म्हणजे बेरीज. माझ्या मुलीने मराठी डोक्याने वाचलं: खालच्यातले जे एकमेकांपासून भिन्न आहेत, ते जोडा. अर्धा कशाशी जुळत नाही, तर तीन-पंचमांशाशी, लगेच रेघ. पाव कशाशी जुळत नाही, रेघ. रंगीत पेन्सिलीने, पट्टी धरून. तिला भांडण्यापुरती हिंदी येत होती, भागण्यापुरती नव्हती. आठवड्याने यादी लागली. सेक्शन द.

त्या शाळेत सेक्शन अ, ब, स, द. आपल्याकडे अ, ब, क, ड असतात, तसेच. सेक्शन नुसते सोयीसाठी आहेत, असं शाळा म्हणायची. मी पाहिलं ते सांगतो: अ च्या वर्गात तीन पंखे होते. द मध्ये एक, आणि त्याला सुरू करायला काठी लागायची.

तीन वर्षं ती द मध्येच राहिली. मी काही बोललो नाही. मला वाटायचं, शाळेला कळतं. खरं सांगायचं तर मला शाळेच्या फाटकातून आत जायला नको वाटायचं, पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

मग आठवीच्या वर्षी आमच्या कॉलनीत पाण्याची उंच टाकी बांधायला घेतली. नळाला सकाळी आठनंतर थेंब नसायचा, त्यामुळे त्या टाकीकडे सगळी कॉलनी देवळाच्या कळसाकडे बघावं तशी बघायची. मुलगी शाळेतून येताना तिथे थांबू लागली. एक दिवस तिने ओव्हरसियरला विचारलं की यात पाणी किती मावेल आणि सगळ्या घरांना एकदम चढेल कसं. तो निळा नकाशा गुंडाळत म्हणाला, "बेटी, ये साइंस वाले निकालते हैं."

झालं. घरी येऊन जाहीर केलं, "मी सायन्स घेणार."

सायन्स अकरावीत. पण आमच्या शाळेत त्याचं दार नववीतच होतं. नववीला एक स्पेशल मॅथ्सचा वर्ग होता. त्यात बसलेल्यांनाच पुढे सायन्स. आठवीचा निकाल लागला, मुलीला गणितात शंभरातले एक्याण्णव. तिने स्पेशलचा फॉर्म भरला आणि दुसऱ्याच दिवशी तो चार घड्या घालून माझ्या हातात आणून ठेवला.

"परत दिला. द वाल्यांना नाही म्हणाले. अ आणि ब फक्त."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आत जाऊन दप्तर आवरायला लागली, जसं कोणी दुकान बंद करतं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

समोरच्या टाइप-टू क्वार्टरात एक अप्पर डिव्हिजन क्लार्क राहायचे, मूळ पुण्याचे. त्यांची मुलगी त्याच शाळेत, आठवीतच, पण अ मध्ये. संध्याकाळी नळावर त्यांनी मला गाठलं.

"काय हो, ऐकलं, मुलीला स्पेशलमध्ये घालताय?"

"घालतोय."

"द मधून? अहो, पॅसेंजरचा डबा मेलला जोडतात का कधी?"

"स्टेशनात जोडतात," मी म्हटलं. "धावताना जोडत नाहीत. अजून गाडी सुटायची आहे."

उत्तर झकास झालं, पण घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता. आता शाळेत जाणं आलं. बायको म्हणाली, "अहो, तिथे सगळे शिकलेले. अडखळाल. मोठ्या साहेबांपैकी कोणालातरी बरोबर न्या."

"मला कोणी लागत नाही. मी स्वतः ढ होतो, माझं काय अडलं?"

मुलगी आतून बाहेर आली. "बाबा, तुम्ही ढ मध्ये होतात?"

"म्हणजे?"

"नाही, आमच्याकडे द पर्यंतच आहेत. तुमच्याकडे ढ पर्यंत सेक्शन होते?" आणि ती बोटांवर मोजायला लागली. "क, ख, ग, घ... च, छ... ट, ठ, ड, ढ. चौदा! बाबा, चौदावा सेक्शन? केवढी मोठी शाळा होती तुमची!"

तेव्हा मला कळलं की या पोरीला ढ हा शब्दच ठाऊक नाही. पहाडगंजात पोरं एकमेकांना गधा म्हणत, उल्लू म्हणत. ढ म्हणणारं कोणी नव्हतंच. बायकोने तोंडात पदर कोंबला आणि भिंतीकडे वळली. आता माणसाने काय करावं? एका खोलीची शाळा आमची, चार इयत्ता चार कोपऱ्यांत, आणि कोपऱ्यात जागा नाही म्हणून मी दारात. पण मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू म्हणतेय, चौदाव्या सेक्शनातून निघून हा माणूस थेट मंत्रालयात पोचला.

"होती मोठी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून शाळेत गेलो. फाटकावरच्या चपराशाने माझ्या खाकीकडे पाहिलं, बाकावर जागा करून दिली आणि सल्ला दिला, "अभी मत जाओ. साहब खाने के बाद नरम रहते हैं." मी जेवणानंतर गेलो.

प्रिन्सिपॉलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी एक्याण्णवाचा निकाल पुढे केला. त्यांनी तो पाहून मान हलवली आणि अगदी प्रेमाने सांगितलं, "देखिए, ये द के इक्यानवे हैं. इन्हें अ के पचपन समझिए."

मी म्हटलं, "साहब, इक्यानवे तो इक्यानवे होते हैं."

"पेपर अलग है ना. अ-ब का अलग, स-द का अलग."

मग मी त्यांना माझ्या ऑफिसचं सांगितलं. फायलीवर पहिली नोटिंग कोणी एखादा नवा क्लार्क करतो, कधी घाईत, कधी भुकेल्या पोटी. मग ती वर जाते. सेक्शन ऑफिसर लिहितो, वरीलप्रमाणे. अंडर सेक्रेटरी लिहितो, वरीलप्रमाणे. पंचवीस वर्षं मी फायली शिवतोय, पहिली नोटिंग चुकली होती असं लिहिणारा साहेब मी एकच पाहिला आणि त्याची बदली झाली. "मेरी लड़की की पहली नोटिंग ही गलत है, साहब," मी म्हटलं, आणि भिन्नांची गोष्ट सांगितली.

ते मोठ्याने हसले. खरंच हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "पर तीन साल हो गए. अब तो वो द की हो गई ना."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. नमस्कार न करता बाहेर आलो. चपराशी म्हणाला, "दाल में नमक ज़्यादा होगा आज." मी हसलो नाही.

उत्तर मला सापडलं ते आमच्या ओट्यावर.

मे महिन्यात कॉलनीतली सगळी जुनी पुस्तकं माझ्याकडे येत. मोठ्याची पुस्तकं धाकट्याला द्यायची, तर आधी माझ्याकडून बांधून घ्यायची. मी हौसेने करायचो. त्या शनिवारी समोरच्या साहेबांच्या घरूनही गठ्ठा आला, त्यांच्या अ वाल्या मुलीचा. त्यात आठवीचं गणित होतं. शिलाई पार सुटलेली, पाठ मोडलेली. मी दाभण ओवून बसलो. बाजूला माझ्या मुलीचंही आठवीचं गणित पडलेलं होतं, तेच पुस्तक, तीच छपाई. सहज म्हणून शेजारी ठेवलं.

बांधणाऱ्याला पुस्तक वाचावं लागत नाही. पुस्तकाची कड बघायची. हात लागलेली पानं कडेला काळवंडतात, न लागलेली पांढरी राहतात. अ चं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळपट होतं. माझ्या मुलीचं दोन तृतीयांशापर्यंत काळं, बोटांचे ठसे, एका जागी लोणच्याचा डाग, आणि त्यापुढे पांढरंशुभ्र. जसं काही मधेच कोणी रेघ मारली.

मग दुसरी परीक्षा. पुस्तक पाठीवर उभं धरायचं आणि दोन्ही हात सोडायचे. जिथे जास्त उघडलं गेलं असेल तिथे ते आपणहून पडतं. अ चं पुस्तक शेवटाकडे उघडलं. आमचं मधेच. तीनदा केलं, तीनदा मधेच.

मुलीला हाक मारली. "हे पुढचं कुठे आहे?"

"कुठलं?"

"हे. दहावा धडा, अकरावा, बारावा, तेरावा."

"ते आम्हाला नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, द के लिए ज़रूरी नहीं."

"तू उघडून पाहिलं नाहीस?"

"एकदा पाहिलं होतं. मला वाटलं, ते अ वाल्यांचं आहे."

पुस्तक हिचं, त्यावर नाव हिचं, आणि मागची पानं अ वाल्यांची! मी दाभण खाली ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं की द मधली मुलं कच्ची म्हणून त्यांना स्पेशल झेपत नाही. अहो, त्यांना तो धडाच कोणी दाखवलेला नाही. मग नववीत गेल्यावर ती गडबडतात, आणि सगळे म्हणतात, बघा, द ते द.

मी त्या आठवड्यात दोन्ही पुस्तकं घेऊन परत गेलो. या वेळी मुलीलाही नेलं. साहेबांचं जेवण व्हायची वाटही पाहिली नाही. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत स्पेशलचं गणित शिकवणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. नागपूरच्या होत्या. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर मुलीला आधी काही सूचना देऊन ठेवली असती.

मी दोन्ही पुस्तकं टेबलावर आडवी ठेवली, कड त्यांच्याकडे करून.

"ये अ की है. ये द की."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. आधी हातानेच विचारलं, काय? मग मॅडमनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून मराठीतच निघालं, "अहो बाप्पा!"

मी पुस्तकं पाठीवर उभी करून सोडली. अ चं शेवटाकडे उघडलं. आमचं मधेच. साहेबांनी स्वतः करून पाहिलं. एकदा, मग पुन्हा. लहान मुलासारखे. मग त्यांनी पांढऱ्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं, जसं काही रंग लागला असेल. वेगळा पेपर त्यांनीच काढायला सांगितला होता. त्यांना हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि टेबलावर असं पडलेलं असणं वेगळं.

मॅडमनी मुलीला एक गणित सांगितलं. तिने टेबलावरच्या एका पाकिटाच्या मागे ते सोडवलं. दुसरं सांगितलं. तेही सुटलं. तिसरं सांगितलं तर मुलगी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "ये दसवें पाठ का होगा. वो हमारा नहीं था."

"सर," मॅडम म्हणाल्या, "लड़की ठीक है. किताब अधूरी है."

साहेबांनी दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाले, शाळा जुलैत उघडल्यावर पहिल्या आठवड्यात या चार धड्यांची परीक्षा. पास झाली तर स्पेशलमध्ये बसेल. नाही झाली तर पुन्हा या खोलीत यायचं नाही. मी मान हलवली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पर छुट्टियों में पढ़ाएगा कौन? ट्यूशन रखेंगे?"

"मैं," मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला आजही ठाऊक नाही. मला तर त्या धड्यांच्या नावांचा अर्थसुद्धा लागला नव्हता.

"आप कहाँ तक पढ़े हैं?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात माझी मुलगी, ताठ उभी राहून, अभिमानाने म्हणाली, "सर, मेरे पिताजी ढ सेक्शन में थे. चौदहवाँ सेक्शन! वहाँ से मिनिस्ट्री में आए हैं."

साहेबांना काही कळलं नाही. "चौदह सेक्शन?" ते म्हणाले. "बड़ा स्कूल रहा होगा."

मला मात्र नागपूरच्या मॅडम दिसत होत्या. त्यांच्या भुवया वर गेल्या, गाल फुगले, हसू ओठांपर्यंत आलं. माझे कान तापले. तिसरीतला तो दरवाजा, ते मास्तर, तो हसणारा वर्ग, सगळं त्या खोलीत येऊन उभं राहिलं. आता त्या म्हणणार, अहो सर, ढ म्हणजे...

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, मराठीत म्हणाल्या, "मला माहीत आहे तो सेक्शन. आमच्या गावच्या शाळेतही होता. बराच मोठा होता."

"हो," मी म्हटलं. "दारापर्यंत."

आता त्या हसल्याच. मीही हसलो. प्रिन्सिपॉलसाहेब दोघांकडे बघत राहिले आणि त्यांनी फॉर्मवर सही केली. मुलीने तो फॉर्म घडी न घालता, दोन हातांत सपाट धरून बाहेर आणला.

पुढचं इथेच सांगून टाकतो, कारण सोसायटीतले लोक तेवढंच विचारतील. जुलैत ती पास झाली. काठावर. नववीच्या पहिल्या परीक्षेत स्पेशलच्या वर्गात शेवटून दुसरी. समोरच्या साहेबांनी नळावर मला "डबा सुटला का हो?" असं विचारलं. दहावीला ती मधोमध कुठेतरी होती. सायन्स मिळालं. आज ती शहरांना पाणी पोचवणाऱ्या पाइपलाइनी आखते, आणि मी तिच्याकडे गेलो की नळ सोडून बघतो. हल्ली ती माझ्याशी वाद घालते. "बाबा, सेक्शनने सगळं ठरत नाही असं सगळ्यांना सांगत फिरू नका. ठरतं. माझं ठरलंच होतं. तुम्ही मधे आलात म्हणून बदललं." आम्ही दोघं हट्टी आहोत, हा वाद मिटलेला नाही. मी म्हणतो, सेक्शनने मुलाचं ठरत नाही, पुस्तक कुठपर्यंत उघडायचं ते ठरतं. ती म्हणते, बाबा, ते एकच झालं. असेल.

त्या दिवशी आम्ही शाळेतून चालत निघालो. टाकीपाशी आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, मॅडम हसल्या का?"

मी बराच वेळ टाकीचे खांब मोजले.

"ढ म्हणजे सेक्शन नाही," मी म्हटलं. "ढ म्हणजे ज्याला काही येत नाही तो."

ती थांबली. "म्हणजे डफर?"

"म्हणजे डफर."

"आणि चौदा सेक्शन?"

"एक खोली होती."

मला वाटलं, आता हिच्या नजरेतून मी उतरलो. ती थोडा वेळ पायाने खडे उडवत चालली. मग म्हणाली, "मग सर समोर होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू इतक्या जोरात सांगितलंस. तुझा अपमान झाला असता."

"माझा?" ती म्हणाली, आणि असं हसली की ओव्हरसियरने मचाणावरून खाली पाहिलं. मग तिला काहीतरी आठवलं. "पण बाबा, मग ते चार धडे तुम्ही शिकवणार कसे?"

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच वाजता उठलो. नळाला पाणी होतं तेवढ्यात आंघोळ उरकली. ओट्यावर सतरंजी टाकून मुलीचं गणित हातात घेतलं. कोरी पानं एकदम ताणली तर पाठ तडकते. म्हणून आधी पुढची थोडी, मग मागची थोडी, मग पुन्हा पुढची, असं अंगठ्याने दाबत दाबत चारही धडे मऊ केले, आणि हात सोडले तेव्हा पुस्तक दहाव्या धड्यावर उघडं राहिलं. मग उरलेल्या कागदांची एक वही शिवली, जाड पुठ्ठ्याची, आणि तिच्यावर चिठ्ठी डकवली. नावाच्या जागी माझं नाव घातलं. वर्ग: आठवी. सेक्शन: ढ. खळ वाळेपर्यंत थांबलो आणि आत जाऊन मुलीला हलवून उठवलं. "चल," म्हटलं, "ऊठ. मला दहावा धडा शिकव."